फोकसवर कोण आहे?

ताई, नमस्कार.

मी २६ वर्षांची आहे. गाव इचलकरंजीजवळ. बाबा यंत्रमागावर जॉबर, आई ब्लाउज शिवते. डिप्लोमा करून चार वर्षांपूर्वी मुंबईला आले आणि कॅमेरे भाड्याने देणाऱ्या एका ठिकाणी लेन्स पुसण्यापासून सुरुवात केली. आता सेकंड असिस्टंट म्हणून सेटवर जाते. क्लॅप, लेन्स बदलणं, बॅटऱ्या, कार्डं, कॅमेरा रिपोर्ट, सगळं येतं. फोकस मात्र, म्हणजे नट हलला तरी तो स्पष्ट दिसेल अशी लेन्स फिरवत राहणं, अजून कोणी हातात दिलेला नाही.

सध्या दोन कामं समोर आहेत. एक मोठा मराठी सिनेमा आहे, सहा बायकांची गोष्ट. 'कॅमेऱ्यामागेही बायकाच' अशी त्याची प्रसिद्धी करणार आहेत. छायाचित्रण एका सरांचं, पण टीममध्ये आम्ही चौघी मुली. पंचेचाळीस दिवस, सत्तर हजार रुपये, मुक्काम हॉटेलात. भेटायला गेले तेव्हा कळलं की मला मुख्यतः मेकिंगचे व्हिडिओ आणि रील्स करायच्या आहेत. दुसरा सिनेमा लहान. नवा दिग्दर्शक, वाईच्या बाजूला चोवीस दिवस, तीस हजार, तेही दोन हप्त्यांत. मी ज्या सरांबरोबर दोन जाहिराती केल्या, त्यांचंच काम आहे. ते म्हणाले, "फोकस तू करायचा. चुकलीस तर ओरडेन." युनिटमध्ये बायका म्हणजे हेअर दीदी, कॉश्च्युमची एक मुलगी आणि मी. गोष्ट दोन भावांची, बाई त्यात जवळजवळ नाहीच.

मैत्रिणी म्हणतात, बायकांच्या सिनेमाला नाही म्हणणं म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं. आई म्हणते, त्यापेक्षा एडिटिंग शीक, एसीत बसून काम. काय करू?

ता. क. मागच्या सेटवर प्रॉडक्शनमधल्या एकाचे रात्री मेसेज यायचे. एकदा पॅकअपनंतर युनिटच्या गाडीत जे झालं, त्यानंतर मी ते काम अर्ध्यात सोडलं. त्याला दोन महिने झाले. तो विषय संपला आहे, फक्त सांगून ठेवते.

क्लॅपवाली

*

प्रिय क्लॅपवाली,

ताज्या कलमापासून सुरुवात करते. बाकी सगळ्याला वेळ आहे, त्याला नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. त्यात तक्रार करायला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण त्यावर विसंबू नकोस. तुझे दोन गेले, एक उरला आहे. रोजंदारीवर असलेली, कंत्राटदारामार्फत आलेली, शिकाऊ, सगळ्या जणी या कायद्यात बसतात. कामासाठी दिलेली गाडी हेसुद्धा कामाचंच ठिकाण, त्यामुळे 'पॅकअप झालं होतं' हे कोणी ऐकवलं तर ऐकून घेऊ नकोस. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष त्याच ठिकाणची वरिष्ठ बाई असते आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नेमली नाही तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. माणसं दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घटना मुंबईच्या उपनगरातली असेल तर वांद्रे पूर्वेच्या जिल्हाधिकारी कार्यालयात तिची चौकशी कर. निर्मात्याकडे समितीच नाही असं निघालं, तर तेही तिथे लेखी कळव.

सिनेमाचं युनिट म्हणजे आज इथे, उद्या तिथे, त्याला कसली समिती, असं तुला सांगतील. हा प्रश्न केरळमधल्या सिनेमातल्या बायकांच्या संघटनेने कोर्टात नेला होता. केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये सांगितलं की प्रत्येक चित्रपटाच्या युनिटला अशी समिती नेमावी लागेल. तेव्हा हा मुद्दा नवा नाही.

तक्रार करच, असं मी म्हणत नाही. ती केल्यावर काय काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे आणि सोसायचं तुला आहे. पण मेसेजचे स्क्रीनशॉट दोन ठिकाणी ठेव. गाडीत काय झालं ते तारीख, वेळ आणि गाडीत आणखी कोण होतं यासकट आजच्या आज लिहून काढ. विषय संपला की नाही हे तू ठरव. कॅलेंडरला ठरवू देऊ नकोस.

आता तुझा प्रश्न.

मी एडिटर. सुरुवातीची वर्षं स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म कापायच्या जुन्या टेबलावर काढली, फिल्मच्या पट्ट्या गळ्यात घालून. त्यामुळे तुझ्या आईचा सल्ला वाचून आधी हसले आणि मग जरा रागावले. आईला सांग, एडिटिंग रूममधला एसी मशीनसाठी असतो, माणसांसाठी नाही. रात्री तीन वाजता दिग्दर्शक 'अजून एकदा पाहू' म्हणतो तेव्हा त्या गारठ्यात शाल पांघरून बसावं लागतं. बायकांनी एडिटिंग करावं असं लोकांना वाटतं, कारण ते घरात बसून शिवणटिपण केल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात रेणू सलुजांनी 'परिंदा' कापला. गोळीबार, धावाधाव, आग, सगळं. त्यांच्या नावावर चार राष्ट्रीय पुरस्कार आहेत आणि 'परिंदा' त्यातला एक. तिथे शिवणकामाला कुठे जागा होती? तुला एडिटिंग आवडत असतं तर मीच हात धरून बसवलं असतं. पण तुझ्या अख्ख्या पत्रात 'एडिटिंग' हा शब्द एकदा आहे, तोही आईच्या तोंडी. 'फोकस' दोनदा आहे, एकदा सरांच्या तोंडी आणि एकदा तुझ्या स्वतःच्या.

मैत्रिणींचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. त्यासाठी जरा मागे जाते.

सिनेमात बायका आधी पडद्यावर आल्या आणि मग हळूहळू कॅमेऱ्यामागे गेल्या, असं आपण धरून चालतो. आपल्याकडे झालं उलटं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती करायला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले! पडद्यावर बाई नव्हती. पण दादरच्या त्या घरात कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडणारी, रसायनं कालवणारी, फिल्म धुवायला मदत करणारी बाई होती. सरस्वतीबाई फाळके. दागिने गहाण पडले तेही त्यांचेच, आणि युनिटच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्याच करत, असं सांगतात. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, त्याच्या आधीपासून सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत काम करत होत्या. नटी म्हणून दुर्गाबाई-कमलाबाईंचं नाव निदान इतिहासात आहे. सरस्वतीबाईंचं नाव 'फाळक्यांच्या पत्नी' या रकान्यात गेलं.

म्हणून 'कॅमेऱ्यामागेही बायकाच' ही ओळ वाचून मला पहिला प्रश्न पडतो, की त्या तिथे नेमकं काय करतायत? बाई सेटवर असणं ही काही नवलाई नाही. नेहमीच होती. तिच्या हातात काय दिलं आणि नामावलीत तिला काय म्हटलं, एवढं विचारायचं.

हातात काय द्यायचं ते कसं ठरतं, ते सेटवरच्या हाकांतून कळतं. आपण लाईट दादा म्हणतो, स्पॉट दादा म्हणतो, मेकअप दादा म्हणतो. लाईट ताई कधी ऐकलीस? 'दीदी' फक्त केसांपाशी. हे काही आपोआप झालं नाही. मेकअपवाल्यांच्या मुंबईतल्या संघटनेत कित्येक दशकं मेकअप आर्टिस्टचं कार्ड फक्त पुरुषाला मिळायचं. बाईला हेअर ड्रेसरचं. म्हणजे नायिकेच्या गालाला हात पुरुषाने लावायचा, तिच्या केसांना बाईने, आणि हे नियमात बसवलेलं! चारू खुराना नावाची मेकअप आर्टिस्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला. २०१४, बरं का. तू तेव्हा शाळेत असशील, फार जुनी गोष्ट नाही. नियम गेला, हाक राहिली. कॅमेरा विभागात असा लेखी नियम कधीच नव्हता, त्यामुळे तो रद्द करायला कोर्टातही जाता येत नाही. तिथे फक्त 'अगं जड आहे, राहू दे' एवढंच असतं, तेही प्रेमाने. मुलगी हुशार असली तर तिला लिहायचं काम देतात. रिपोर्ट, लॉग, आणि आता रील्स. हुशार मुलींना लेन्सपासून लांब ठेवण्याचा याहून सभ्य मार्ग मी पाहिलेला नाही.

त्या मोठ्या सिनेमाची माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. सहा बायकांची गोष्ट आज मोठ्या पैशात बनते आहे, हेही लहान नाही. २०२१ च्या 'झिम्मा'ने आणि २०२३ च्या 'बाईपण भारी देवा'ने निर्मात्यांना दाखवून दिलं की बायका घोळक्याने, नटूनथटून, दुपारच्या खेळालाही थिएटर भरतात. 'झिम्मा' इरावती कर्णिकने लिहिला, 'बाईपण'ची लेखिका वैशाली नाईक. दोन्हींचे दिग्दर्शक पुरुष. यात मला तक्रार वाटत नाही. गोष्ट बाईने लिहिली की संवादात बायका बायकांसारख्या बोलतात, ते दोन्ही सिनेमांत ऐकू येतं. पण लेखणी हातात आली म्हणून लेन्स आलीच असं होत नाही. ती वेगळी मिळवावी लागते. आणि पोस्टरवर चार मुली कॅमेऱ्याला टेकून उभ्या असलेला फोटो छापला की ती मिळाल्यासारखं वाटतं, ही त्यातली खरी अडचण.

लेन्स बाईच्या हातात असल्याने पडद्यावर काही फरक पडतो का, असं मला अनेकजण विचारतात. मी हो म्हणते, पण माझं कारण जरा निराळं आहे. नव्वदच्या दशकात एक कौटुंबिक सिनेमा माझ्या टेबलावर होता. बाई चुलीशी बसलेली, नवरा दारात उभा, भांडण. दिग्दर्शक चांगला, बाईची बाजू घेणारा. पण सगळे शॉट उभ्या माणसाच्या उंचीवरून घेतलेले. त्यामुळे बाई काहीही बोलली तरी ती खाली दिसायची, रडत असल्यासारखी. कापून कापून मी थकले. शेवटी ट्रंकेच्या तळातून एक शॉट निघाला. चुलीच्या पातळीवरून, बाईच्या चेहऱ्याच्या समोरून, नवऱ्याचे फक्त पाय दिसणारा. तो लावला आणि भांडणाची बाजूच फिरली. चौकशी केली तेव्हा कळलं, कंटिन्युइटी लिहिणारी, म्हणजे एक शॉट दुसऱ्याशी जुळावा म्हणून नोंदी ठेवणारी मुलगी हळूच म्हणाली होती, "सर, त्या बसल्यात, कॅमेरापण बसवूया का?" तिला गप्प करायला म्हणून त्यांनी तो घेतला होता. पुरुषाला असं सुचत नाही असं अजिबात नाही. पण त्याला ते सुचावं लागतं, तिला ते आठवतं. त्या मुलीने पुढे सिनेमा सोडला, बँकेत लागली.

आपल्याकडे कॅमेरा असा खाली बसवण्याचं सगळ्यात चिकाटीचं काम सुमित्रा भाव्यांनी केलं. त्या काही सिनेमाची शाळा शिकून आल्या नव्हत्या, त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. ज्या बायकांवर आपण अहवाल लिहितो त्यांना तो वाचता येत नाही, मग त्यांना बघता येईल असं काहीतरी करू, म्हणून १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट केला. तेव्हा वय चाळिशीच्या पुढे. तिथून सुनील सुकथनकरांच्या जोडीने 'दोघी', 'देवराई', 'अस्तु' आणि २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळवणारा 'कासव'. हे सांगितलं ते वयासाठी. तू सव्वीसची आहेस आणि पत्राचा सूर असा की गाडी सुटतेय.

आता त्या दोन भावांच्या सिनेमाबद्दल. गोष्टीत बाई नाही म्हणून तिथे जाणं म्हणजे बायकांशी बेइमानी, असं तुझ्या मैत्रिणींच्या बोलण्यामागे आहे. मला ते पटत नाही. बाईने बायकांच्याच गोष्टी टिपायच्या, हा स्वयंपाकघराचाच नियम झाला, फक्त भिंती रंगवलेल्या. बी. आर. विजयालक्ष्मींनी १९८५ मध्ये स्वतंत्रपणे पहिला सिनेमा टिपला तो भाग्यराजचा तमीळ विनोदी सिनेमा. 'एअरलिफ्ट'चा कॅमेरा प्रिया सेठचा, म्हणजे कुवेतचं युद्ध आणि पळणारी माणसं. आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून गेलेली अंजुली शुक्ला ही कथापटाच्या छायाचित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारी पहिली बाई. तो सिनेमा 'कुट्टी स्रांक', मामुट्टीचा. स्रांक म्हणजे आपल्या कोकणातला सारंग, बोट हाकणारा. बोट, पाऊस, समुद्र, खलाशी. या कोणालाही 'महिलाप्रधान'ची पाटी लागली नाही. त्यांनी उजेड बघितला आणि काम केलं.

तेव्हा माझं उत्तर सरळ आहे. वाईला जा.

पैशाचा हिशेब मी मांडून पाहिला. पंचेचाळीस दिवसांचे सत्तर हजार म्हणजे दिवसाला साधारण साडेपंधराशे. चोवीस दिवसांचे तीस हजार म्हणजे साडेबाराशे. रोजचा फरक तीनशे रुपयांचा, आणि वर एकवीस दिवस मोकळे उरतात, त्यात दोन जाहिराती मिळाल्या तर भरून निघेल. नाही मिळाल्या तर तंगी होईल, हेही धरून चाल. पण मेकिंगच्या पंचेचाळीस दिवसांनंतर पुढच्या कामाला तू मेकिंगवाली म्हणून जाशील. चोवीस दिवस फोकस केल्यावर कोणी विचारलं, 'आधी फोकसवर होतीस का?' तर तुला 'हो' म्हणता येईल. आपल्या धंद्यात पदवीपेक्षा ते 'हो' चालतं.

मोठ्या सिनेमाला तोंडावर नाही म्हणायच्या आधी एक फोन कर. सरांना विचार, "दुसऱ्या कॅमेऱ्यावर फोकस मला द्याल का, आणि करारात तसं लिहाल का?" दिलं तर माझं उत्तर बदलेल, मग खुशाल हॉटेलात राहा. माझा अंदाज आहे की ते 'बघू, सेटवर ठरवू' म्हणतील. सेटवर ठरवू म्हणजे नाही. तेव्हा हसून नमस्कार कर आणि भांडू नकोस. त्या बाकीच्या तिघींपैकी एखादी उद्या तुझी पहिली असिस्टंट होईल.

वाईला जाताना मात्र भाबडेपणाने जायचं नाही. ओरडणारे गुरू मी खूप पाहिले. त्यांच्यात दोन जाती असतात. एक चुकीवर ओरडतो, दुसरा माणसावर. तुझे सर कोणत्या जातीचे, ते दोन जाहिरातींत तुला कळलं असणार. पहिल्या जातीचे असतील तर शिकून घे. दुसऱ्या जातीचे असतील तर हे सगळं पत्र बाजूला ठेव आणि जाऊ नकोस.

काही गोष्टी लेखी घे. पद 'फोकस पुलर' किंवा 'फर्स्ट असिस्टंट कॅमेरा' असं लिहिलेलं हवं, 'कॅमेरा टीम' नव्हे. पहिला हप्ता शूटिंग सुरू होण्याआधी, दुसरा शेवटच्या दिवशीच्या पॅकअपआधी. 'रिलीजनंतर' हा शब्द आला की समज, तो सण कधी येत नाही. खोली कोणाबरोबर, कुलूप आहे का, रात्रीच्या शूटिंगनंतर गाडी कोणती आणि त्यात आणखी कोण. आणि समिती कोणती, तिच्यावर कोण. तू विचारलंस की लहान निर्माता गांगरेल, कदाचित चिडेलही. विचार तरी.

आणि संडास. हे सल्ला सदरात लिहायला काही जण नाकं मुरडतील, मुरडोत. आमच्या वेळी वाईच्या घाटावर शूटिंग असलं की आम्ही तिघीचौघी मिळून गावातल्या एखाद्या घरी जायचो. ती माउली चहापण द्यायची, तिला निर्मात्याने कधी एक रुपया दिला नाही. घर लांब असेल त्या दिवशी पाणीच प्यायचं नाही. मला वाटायचं, हे आपलं गरीब मराठी सिनेमाचं दुखणं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केरळच्या सिनेमातल्या बायकांच्या परिस्थितीवरचा न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल बाहेर आला, सरकारला दिल्यानंतर साडेचार वर्षांनी, काटछाट करून. त्यातही हेच होतं. सेटवर संडास नाहीत, कपडे बदलायला आडोसा नाही, म्हणून बायका तासन् तास पाणी पीत नाहीत आणि आजार ओढवून घेतात. लोकांनी त्या अहवालातली नावं शोधली. मी ते पाण्याचं पान परत परत वाचलं. फोकसवाल्या माणसाला शॉटच्या मध्ये कॅमेरा सोडून जाता येत नाही, तुझ्या बाबतीत हे आणखी कठीण. त्यामुळे लोकेशनची यादी मागव आणि प्रत्येक ठिकाणी संडास किती मिनिटांवर आहे ते विचार. नायिकेच्या व्हॅनिटीत 'जाऊन ये ना' हे उत्तर चालवून घेऊ नकोस. तिचा सीन नसेल त्या दिवशी व्हॅनिटी येत नाही. आणि तुझ्या गोष्टीत तर नायिकाच नाही!

पोचल्यावर पहिल्या दिवशी हेअर दीदीशी मैत्री कर. सेटवर कोण कसा, कोणाच्या गाडीत बसायचं नाही, कोणत्या प्रॉडक्शन मॅनेजरचे पैसे अडकतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. तिचा नंबर आईला देऊन ठेव.

आईचं म्हणशील तर तिला पटवण्यासाठी भाषण नको. तिला फोकस म्हणजे काय ते सांग. पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स पूर्ण उघडी असली आणि माणूस सहा फुटांवर असला, तर जेमतेम दोन इंच स्पष्ट दिसतात. नट अर्धं पाऊल पुढे आला की डोळे गेले, कान राहिले. ते अंतर नजरेने ओळखायचं असतं. टेप फक्त खात्री करायला. दुकानात शिरलेल्या बाईकडे बघून तुझ्या आईला छत्तीस की अडतीस हे टेप काढायच्या आधी कळतं, कळतं ना? तेच काम आहे. तिला विचार, ही नजर बसायला किती वर्षं लागली, आणि पहिली किती ब्लाउजं वाया गेली. मला वाटतं, त्या गप्पांनंतर एसीचा विषय मागे पडेल. नाही पडला तर नाही पडला. चोवीस दिवस रोज एक फोन कर म्हणजे झालं.

निघायला वेळ असेल तेवढ्यात सराव कर. ज्या ठिकाणी लेन्स पुसल्यास तिथे सोमवारी-मंगळवारी सामान पडून असतं. पन्नास आणि पंच्याऐंशीच्या लेन्स मागून घे, मैत्रिणीला चालायला लाव. बस स्टॉपवर उभी असलीस की समोरचा खांब किती फुटांवर ते मनात धर आणि मग पावलांनी मोज. लोक बघतील. बघू दे.

तुझं पत्र वाचताना मला सारखी शांता आपटे आठवत होती. 'कुंकू'मध्ये म्हाताऱ्याशी लावलेलं लग्न न मानणारी नीरा तिने १९३७ मध्ये केली, सगळ्यांनी डोक्यावर घेतली. दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, करार आणि पैशांच्या वादात ती पुण्याला प्रभातच्या फाटकाशी खरोखरच उपोषणाला बसली, तेव्हा मात्र अनेकांना तो तमाशा वाटला. पुढच्या वर्षी तिने पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?'. मुलींना पडणारा प्रश्न, प्रश्नचिन्हासकट. आणि गंमत बघ, १९६० पासून त्याच प्रभातच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पुढेमागे छायाचित्रणाच्या परीक्षेला बसावंसं वाटलं तर त्याच आवारात जाशील. चोवीस दिवसांच्या फोकसनंतर तिथल्या मुलाखतीत तुझ्याकडे सांगायला काहीतरी असेल.

एक राहिलं. शेवटच्या नामावलीत तुझं नाव कसं छापायचं ते प्रॉडक्शनला आत्ताच लिहून दे, मराठीत, ऱ्हस्व-दीर्घ तपासून, आडनावासकट. माझं पहिलं नाव पडद्यावर आलं ते आडनावाशिवाय आणि चुकीच्या वेलांटीने, 'सहाय्य' या मथळ्याखाली. जेवण पुरवणाऱ्यांच्या वरच्या ओळीत. तीस वर्षं झाली. प्रिंट आता कुठे आहे ते निर्मात्यालाही माहीत नाही, त्यामुळे दुरुस्तीचा प्रश्नही मिटला.

तुझी,
ताई